हनुवटीने ऐकणारा

माझ्यासारख्या नवशिक्याने कुणाविषयी लिहावे, हा आगाऊपणाच. वाचकांनी माफ करावे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. बीदरला कॉलेजच्या ऑर्केस्ट्रासाठी जुनी बास गिटार बघायला मित्रांनी मलाच पाठवले.

विकणारे गृहस्थ लग्नांत वाजवायचे. ऐकू येईनासे झाले म्हणून गिटार विकायला काढली होती. एक डोळा मिटून तिची मान सरळ आहे हे त्यांनी मला दाखवले, फडक्याने तारा पुसल्या. मग हनुवटी लाकडावर टेकवून जाड तार छेडली, खुंटी जराशी पिळली. सूर बरोबर लागला.

मी ओरडून विचारले, "अण्णा, ऐकू येत न्हाई, मग सूर कसा लावायलाव?"

"हाडाला कळायलंय की!"

"मग इकायलाव कामून?"

त्यांनी माझ्या ओठांवरून प्रश्न ओळखला. मग गिटार खोळीत घातली. "पोरा, चहा पिऊन जा. उगी हेलपाटा झाला तुझा."

मी रिकाम्या हाताने परतलो. "आणायला गेलतास का मोडता घालायला?" मित्र म्हणाले.

परवा निर्णा गावचा एक वर्गमित्र बहिणीच्या लग्नाहून आला. सांगत होता, "ऑर्केस्ट्रात एक म्हातारा गिटारीवर हनुवटी टेकून बसलता. आमाला वाटलं झोपलाय. पन नजर ड्रमवाल्याच्या हातावरून हलली न्हाई, अन् ताल एकदा चुकला न्हाई."