केबिनमधलं संत्रं

आमच्या शेजारची सून लोखंडाच्या कारखान्यात क्रेन चालवते. शेडच्या छपराखाली टांगलेली काचेची केबिन. पाठ टेकवली की गुडघे समोरच्या काचेला लागतात. सकाळी शिडी चढली की जेवणाच्या भोंग्यापर्यंत तेच तिचं जग. खालची माणसं तिला 'घार' म्हणतात. टनावारी लोखंड ती अलगद, झोपलेलं मूल ठेवावं तसं खाली ठेवते.

ती कामाला लागली तेव्हा शेडचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "बाईमाणूस वर बसवलं की दर तासाला शिडीवर. काम कधी व्हायचं?"

तिला ते लागलं. ती मधे कधी उतरलीच नाही. लघवीला उतरावं लागू नये म्हणून आधी पाणी पिणं सोडलं, मग फळं, काकडी, टोमॅटो, सगळं रसाळ. पुढे घरीही तीच सवय लागली. उरला पाव आणि उकडलेला बटाटा.

हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, पोट साफ होईना. डॉक्टरीणबाईंनी दम भरला, "रोज फळं, रोज भाज्या. दोन्ही वेळेला."

सासूबाईंनी ते मनावर घेतलं. गाजराच्या चकत्या, काकडीच्या फोडी, सोललेलं संत्रं असा डबा त्या रोज भरू लागल्या. संध्याकाळी डबा लख्ख रिकामा यायचा. हिरड्या मात्र तशाच.

एकदा बाजारात त्यांना कारखान्यातला मामा भेटला. खाली उभं राहून क्रेनचा हूक अडकवायचं काम त्याचं.

"आजी, तुमच्या फोडींनी माझं पोट कसं झकास झालंय! घार रोज दोरीनं डबा खाली सोडते."

सासूबाई तरातरा घरी आल्या. "कंबर धरून चिरत बसते मी, ती त्या मामासाठी? तो काय जावई लागतो माझा?"

"आई, ते खाल्लं की उतरावं लागतं."

"मग उतर."

"मी उतरले की सगळी शेड थांबते. सगळे वर बघतात. साहेब घड्याळ बघतात."

सासूबाईंनी हातातली बाजाराची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "पिंजऱ्यातला पोपटसुद्धा पेरू खातो गं."

दुसऱ्या दिवशी तिनं डबा खाली सोडला नाही. मामा मान वर करून वाट बघत राहिला. तिनं अर्धं संत्रं खाल्लं, आणि व्हायचं तेच झालं. बराच वेळ तिनं दात आवळून काढला. मग घंटा दाबली. शेड थांबली, माना वर झाल्या, ती एकेक पायरी उतरली.

"काय झालं? बिघाड?" साहेबांनी मनगट डोळ्यांसमोर धरलं.

"नाही साहेब. संत्रं खाल्लं."

कुणीतरी खुदकन हसलं. ती मान खाली घालून गेली, तशीच परत आली आणि शिडी चढली. दार लागलं, गुडघे काचेला लागले. भोंग्याला खूप वेळ होता.

तिनं डबा उघडला आणि उरलेलं अर्धं खायला घेतलं.