हनुवटीला लागलेला करंट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मधे मला थांबवू नका!

नवरा गेला, मुलगा बंगळुरात. हुडकेश्वरच्या फ्लॅटमध्ये मी आणि कूलर, दोघंच. त्यातही कूलरच जास्त बोलतो. अशात व्हिडिओ कॉलवर मुलगा म्हणाला, "आई, हनुवटीले काही चिकटलं का?"

चिकटलं कुठलं! दाढी होती ती! चांगले टणक केस. कधीचे उगवले देव जाणे. माझ्या तोंडाकडे बघायला होतं कोण?

ही दाढी घेऊन पार्लरमध्ये जायची लाज. मग ऑनलाइन मशीन मागवलं. पेनासारखं, टोकाला बारीक सुई. ती केसाच्या छिद्रात अलगद सरकवायची, बटण दाबायचं. किंचित करंट जातो, मूळ मरतं, मग चिमट्यानं धरला की केस आपसूक निघून येतो. पण एका वेळी एकच हं!

दुपारी आरशासमोर बसले. सुई घातली, बटण दाबलं. काहीच नाही! करंट कमी-जास्त करायची चकती पुढे फिरवली. तरी नाही! पार टोकाला फिरवली. ढिम्म!

मग चष्मा लावून कागद वाचला. पेनाच्या धातूच्या पट्टीवर ओलं बोट ठेवायचं, त्याशिवाय करंट फिरतच नाही. हात्तिच्या! बोट ओलं केलं, पट्टीवर ठेवलं, बटण दाबलं.

चकती कमी करायची राहिली ना!

"आई गं!" अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरच्या मंदाताई धावत वर आल्या. एरवी आम्ही जिन्यात नुसत्या माना हलवायचो. मी दार उघडलं.

"काय झालं वं?"

हनुवटी धरून मी एवढंच म्हणाले, "करंट!"

झालं! बाई तशाच खाली पळाल्या आणि अख्ख्या बिल्डिंगचा मेन स्विच पाडला. भर मे महिना, सगळ्यांचे कूलर बंद! जिन्यात ही गर्दी! वरचे काका ओरडले, "हात नका लावू बाईले! लाकूड आणा!" तेवढ्यात परतलेल्या मंदाताईंनी लाटण्यानं माझ्या हातातलं मशीन उडवलं.

"हे काय होय?" काकांनी ते उचललं.

"केसं काढायचं मशीन," मी पुटपुटले. "सेलवर चालते."

"सेलवर? मंग आमचे कूलर काहून बंद केले?"

हसत, चिडत सगळे गेले. मंदाताई तेवढ्या थांबल्या. चकती कमी केली, माझी हनुवटी हातात धरली.

"हलू नको वं."

माझं तोंड असं कोणी हातात धरून किती वर्षं झाली! डोळे भरून आले.

"दुखून राहिलं का?"

"हो," मी खोटंच सांगितलं.

आता त्या रोज दुपारी येतात. एक केस काढायचा, मग चहा, मग गप्पा. काल मात्र म्हणाल्या, "आता एकच उरला वं!"

तेव्हापासून साठीला आलेली ही बाई देवापुढे हात जोडून काय मागून राहिली आहे, माहीत आहे?

दाढी!