अर्धा भात आणि माझं पत्रक

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मी विज्ञानाची पत्रकं लिहून दिघोरीहून सायकलवर गावोगाव वाटायचो. एका पत्रकात ठोकून दिलं होतं: भूक हा मनाचा लाड आहे, मन आवरा, वजन उतरेल. कशाच्या आधारावर? कशाच्याच नाही. वाक्य जोरकस वाटलं, लिहिलं.

आईने ते भावाकडून वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून वहिनीचा भात अर्धा केला. दोन बाळंतपणांनंतर वहिनी जाड झाली होती, खायचीही भरपूर. "नाई उतरली तं कोंढ्याले मायच्या घरी धाडून देऊ," आई म्हणाली. वहिनी उतरली नाहीच. चोरून शिळं खाऊ लागली, आणि तेही उघडकीला आलं.

पुढे भंडाऱ्याच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांनी ते पत्रक माझ्यापुढे टाकलं. अन्न आतड्यात उतरलं की तिथून काही द्रव्यं सुटतात, ती मेंदूला कळवतात की आता पुरे. निरोप पोचायला वेळ लागतो, आणि सगळ्यांचा सारखा पोचतो असंही नाही. "यात मनाचा लाड कुठे आला?" त्यांनी विचारलं. मी पत्रक उचलून खिशात घातलं.

घरी सगळं सांगितलं. आई म्हणाली, "आता आतडीबी बोलाले लागली काय बापा?"

वहिनी चुलीपाशी होती. "धानाच्या रोवण्यात धुऱ्याबांधावर डबा उघडत नाई तं बाया पुन्हा चिखलात उतरतात," ती म्हणाली. "घरी तुम्ही सारे उठले का मी बसतो, तं पोरगं रडते. मी गिळतो, भाऊजी, जेवत नाई. आतडी सांगन कवा?"

आजपासून वहिनी आमच्या पंगतीला बसेल, मी जाहीर केलं. बसली. आम्ही सगळे तिच्या हाताकडे बघत होतो. मीसुद्धा. पाचव्या घासाला ती उठली. चार दिवसांनी आईच्या सांगण्यावरून भावाने तिला कोंढ्याला नेऊन सोडलं.

मी आणायला गेलो. "येतो," ती म्हणाली, "पन तुमच्या मायले विचारा, मले आरामानं बसून जेवू देईन काय? आनि तुम्ही कोनी माह्या ताटाकडे पाहू नोका."

निरोप घरी सांगितला. आई उठून आत गेली. भाऊ म्हणाला, "पाहू." धान कापणीला आलं तेव्हाही तो तेवढंच म्हणत होता, आणि वहिनी कोंढ्यालाच होती.