खोट्या लग्नाची फिल्म

आत्याला तिची आई आठवत नव्हती. माझे वडील जन्मले आणि आजी गेली. आत्या तेव्हा अगदी लहान. फोटो कुठला असायला? म्हणून कुठल्याशा मोहिमेवर आमच्या गावी, जामसरला आलेल्या मानववंशशास्त्रज्ञांची जुनी मूक फिल्म सापडल्याचं कळलं, तशी आत्याने माझ्यामागे भुणभुण लावली. लहानपणी तिला म्हातारी माणसं सांगायची, "तुझे आयबापाचा लगीन सायबाने पेटीत भरून नेला."

मी जव्हारला शिक्षिका. फिल्मची डिजिटल प्रत आणणाऱ्या मुंबईच्या संशोधक मुलीला गाठलं, शाळेचा प्रोजेक्टर जीपमध्ये टाकला आणि जामसरच्या समाजमंदिरात, खिडक्यांना सतरंज्या टांगून, भरदुपारी शो लावला. अर्धा गाव लोटला. फिल्ममधले लोक नाचता नाचता थांबून कॅमेऱ्याकडे टकामका बघत आणि कुणीतरी दटावल्यासारखे पुन्हा नाचायला लागत. आम्ही पोट धरधरून हसलो.

मग लग्न आलं. मुलीने लगेच खुलासा केला, "हे लग्न खरं नाही हं. साहेबांनी मुद्दाम करवून घेतलेलं दिसतंय. नवरीच्या कडेवर मूल आहे बघा."

असा हशा पिकला, की बिचारी गोरीमोरी झाली. आमच्याकडे आधी संसार मांडायचा आणि गावजेवणाची ऐपत आली की मांडव घालायचा, ही जुनी रीत. आपल्याच आईबापाच्या लग्नात जेवलेली माणसं समोरच बसली होती!

एकटी आत्या हसली नाही. उठून भिंतीजवळ गेली. "बाय, ती कडेवरची पोर मीच हाय," ती मुलीला म्हणाली, "पन आय तोंड वर का करं नाय?" नवरीची मान खाली, पदर कपाळावर. फिल्म आता संपते की मग, माझा जीव नुसता टांगणीला लागला.

इतक्यात कडेवरच्या पोरीने बाशिंगाला हिसका दिला. नवरीने दचकून मान वर केली आणि खळखळून हसली. मुलीने झटकन चित्र थांबवलं.

आत्या बघतच राहिली. मग तिने भिंतीवरच्या गालाला हात लावला. मला रडू आवरेना. ती आमच्याकडे वळली.

"अगो, किती बारकी पोर होती ही," ती म्हणाली. "आन् मी जलमभर हिच्यावर रुसलेली, मला टाकून गेली म्हनून."