वरून बघणाऱ्यांची क्रमवारी

ताज्या डिंकाचा, रंगवलेल्या स्पंजचा आणि बंद खोलीतल्या थंडगार हवेचा मिळून एक वास असतो. मुलुंडच्या त्या बिल्डरच्या ऑफिसाचं काचेचं दार ढकललं की तो थेट नाकात शिरतो. मधल्या मोठ्या टेबलावर आमच्या भावी इमारतीची प्रतिकृती मांडलेली आहे. बोटभर उंचीची झाडं, नखाएवढ्या मोटारी आणि जागोजागी उभी केलेली शेंगदाण्याएवढी माणसं! पहिल्यांदा पाहिली तेव्हा आमच्या विंगच्या तळमजल्यावर लाल कपड्यांतली एक इवलीशी बाई उभी होती. ती मीच, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आमची जुनी इमारत पाडली, आम्ही चेंबूरला भाड्याच्या जागेत आलो, आणि ‘थोडं थांबा’ हे पालुपद ऐकत इतकी वर्षं काढली. तोवर आमचं घर होतं ते फक्त त्या टेबलावर.

या प्रकरणात आमच्या ह्यांचा नवा छंद येऊन मिसळला आहे आणि माझा निम्मा वैताग त्याचाच आहे. आमची लेक मुक्ता पवईला नोकरी करते; तिने वडिलांना निवृत्तीतला विरंगुळा म्हणून इंटरनेटवरचा एक खेळ शिकवला. गोष्टींतल्या पात्रांची क्रमवारी लावायची, पण बळावर नव्हे आणि बुद्धीवरही नव्हे. जे पात्र आपल्या खालच्या जगाला निव्वळ कल्पित कथा समजतं ते वरचं, आणि त्या पात्रालाही जे कथा समजतं ते त्याच्याही वरचं! कुठल्याशा चित्रकथेतला एक शिंपी म्हणे सुईच्या नेढ्यातून खालची विश्वं बघतो आणि कंटाळा आला की दोरा तोडतो. कुठली एक महाराणी त्या शिंप्याचीच गोष्ट झोपताना वाचते आणि मध्येच पुस्तक मिटते. शिंपी थोर की महाराणी थोर, यावरून बापलेक रोज संध्याकाळी फोनवर हमरीतुमरीवर येतात, आणि इकडे माझी भाजी कढईला लागते, कारण ती ढवळायला उभा केलेला माणूस विश्वाच्या माथ्यावर जाऊन बसलेला असतो.

मला सांगा, खालच्याला खोटं समजणं ही काय सिद्धी झाली? ती तर आमच्या जुन्या इमारतीत जिन्याच्या प्रत्येक वळणावर फुकट मिळत होती! आम्ही तळमजल्यावर. पावसाळ्यात गटाराचं पाणी आमच्या मोरीतून उलटं वर यायचं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या साळवी वहिनींना ते दरवर्षी नव्याने पटवून द्यावं लागायचं. त्या स्वभावाने वाईट नव्हत्या; त्यांच्या खिडकीतून पाऊस सुंदर दिसायचा, एवढंच. उंचीचा हा गुणच असावा. जसजसं वर जावं तसतसा खालच्यांचा आवाज विरत जातो, चेहरे पुसट होतात आणि अखेर हलणारे ठिपके तेवढे उरतात. मग ठिपक्यांच्या सुखदुःखावर विश्वास कोण ठेवणार? जे निव्वळ अंतरामुळे आपोआप घडतं त्याला हे बापलेक सामर्थ्य म्हणतात आणि वर क्रमांक देतात. मी हे एकदा जेवताना बोलून दाखवलं, तर ह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला यादीत अगदी तळाशी बसवलं.

गेल्या महिन्यात बिल्डरने सगळ्या सभासदांना बोलावलं. नकाशात किरकोळ बदल आहे, संमतीची सही हवी, असा निरोप होता. दार ढकललं, तोच वास आला, आणि मी सवयीने आधी माझ्या बाईला शोधलं. ती होती, पण आमची विंग नव्हती! जिथे आमचा तळमजला होता तिथे चकचकीत निळा कागद पसरून पोहण्याचा तलाव केला होता, आणि माझी बाई त्याच्या काठावर, कुणा परक्याच्या पाण्याकडे बघत उभी होती. घर गेल्याची बातमी मला अशी कळली. मला रडू आलं, आणि त्या थंडगार खोलीत चारचौघांसमोर रडू येतंय याचा आणखीनच संताप आला. आमची विंग कुठे आहे, असं मी विचारलं, तेव्हा बिल्डरच्या माणसाने हसून हातातल्या लेसरचा लाल ठिपका टेबलावरून सरकवत नेला. विंग मागे जाणार होती, नाल्याच्या बाजूला. पण टेबल तिथे संपत होतं, त्यामुळे ठिपका कडेवरून घसरला आणि खाली गालिच्यावर जाऊन पडला.

“काकू, टेन्शन नका घेऊ,” तो म्हणाला. “हे नुसतं मॉडेल आहे ना.”

आमचे हे म्हणजे आयुष्यभर वरच्यांपुढे मान तुकवून नोकरी केलेला माणूस. मी त्यांच्याकडून कसलीच अपेक्षा ठेवली नव्हती. ते उठले, टेबलाला धरत पलीकडे गेले आणि बरोबर त्या लाल ठिपक्यावर मांडी घालून बसले.

“आमचं घर इथे ना? मग मी घरी बसलोय,” ते म्हणाले. “सही हवी तर तूही इथे खाली ये. इथून तलाव नाही दिसत रे, टेबलाचे पाय दिसतात.”

तो माणूस काही खाली आला नाही. आल्या त्या साळवी वहिनी! गुडघ्यांच्या दुखण्याने देवळातसुद्धा खुर्ची मागणाऱ्या त्या बाई भिंतीचा आधार घेत ह्यांच्या शेजारी बसल्या, आणि वर टेबलाकडे बघू लागल्या. मग मीही बसले. लेसर कधी बंद झाला ते कळलंही नाही. त्या दिवशी कुणीच सही केली नाही, आणि पुढे काय होणार हे अजून कुणालाच ठाऊक नाही.

निघताना मात्र मी माझ्या बाईला नखाने खरवडून उचललं आणि पर्समध्ये टाकलं. आता ती चेंबूरच्या स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्यावर उभी असते. बापलेकींचा शिंपी आणि महाराणीचा वाद दुसऱ्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झाला, भाजीही पुन्हा लागली. गालिच्यावर बसलेल्या माणसाला कितवा क्रमांक द्यायचा, ते दोघांनाही सुचलेलं नाही.

बाई प्लास्टिकची आहे हे मला कळतं, मी काही खुळी नाही. तिच्या पायांना अजून तो डिंकाचा वास येतो, आणि तळव्यांखाली निळ्या कागदाचा एक कपटा चिकटून राहिला आहे, तो ओढला तर पायच मोडतील. ह्यांच्या हिशेबाने मी तिच्या वरच्या जगातली, तेव्हा तिला खोटं मानणं हा माझा अधिकारच! पण काल कुकरची शिटी झाली, वाफ तिच्या अंगावर गेली, आणि मी घाईघाईने तिला उचलून खिडकीशी ठेवलं. थोडं थांब गं, असं माझ्या तोंडून निघून गेलं. आणि मग माझी मलाच लाज वाटली, कारण आम्हालाही वरचे सगळे हेच सांगत आले आहेत.