दर्यामॅनचे आईबाबा

मंडळी, आज दुपारी आमच्या मिरकरवाड्यात एक सुपरहिरो जन्माला आला!

माझ्या लेकीने कॉमिक काढलं. आषाढातल्या वादळात होडी बुडते, आईबाबा जातात आणि अनाथ दर्यामॅनला लाटांची शक्ती मिळते.

माझ्या सासऱ्यांचा जन्म मासेमारीत गेलाय. ते भडकलेच. "आषाढात होडी कोण काढतो गो? सगळ्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात!"

"पण आजोबा, सुपरहिरोंना आईबाबा नसतात."

"आपल्याकडच्याला असू देत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ सोडताना दे त्याला शक्ती."

लेकीने खोडरबर घेतलं.

आता शेवटच्या चित्रात दर्यामॅन जग वाचवून घरी येतो, आणि आई दारातूनच ओरडते, "आधी पाय धू, घरभर वाळू करशील!"

तुम्ही जग वाचवून आलात की तुम्हाला घरी कोण ओरडतं?