भविष्यात कोण बोलतं

ज्या कथेची मी छापून टिंगल केली, ती त्याआधी घरी आईला दोनदा वाचून दाखवली होती. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. ती लिहिणाऱ्या भूपालअण्णांनाही नाही.

अण्णा सातारा स्टँडवर गाड्या पुकारायचे. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' असं कोरीव मराठीत सांगून झालं की माईक बंद करायचे आणि खिडकीशी उभ्या बाईला म्हणायचे, "मावशे, सांगलीची लागली बग. पळ, न्हाईतर हुबी जाशील." असं दोनदा कशाला, मी विचारलं. म्हणाले, "माईकवरचं समद्यांना ऐकू जातंय, सर. कळतंय ते खालचं."

आम्ही दोघंही पलूसकडचे. मी साताऱ्यात कॉलेजात मराठी शिकवायचो, पुस्तकांची परीक्षणं लिहायचो. अण्णा दोन गाड्यांच्या मधल्या वेळात विज्ञानकथा लिहायचे. त्यांच्या पहिल्या संग्रहातल्या एका कथेत माणसं पृथ्वी सोडून गेली आहेत आणि उसाच्या रानात पाण्याच्या मोटारीवर लक्ष ठेवणारं एक यंत्र मागं राहिलंय. ऊन पडलं की ते मोटार चालू करतं आणि वर बघून विचारतं, "कवा येनार रं गड्यांनो? पानी सोडलंय."

ऐकताना आईचा भाकरीवरचा हात थांबला. "मग त्येला सांगाय कुनी आलंच न्हाई व्हय?" दुसऱ्या दिवशी म्हणाली, "त्या मशिनीचं पुन्यांदा वाच."

आणि मी परीक्षणात लिहिलं : 'भविष्यकाळ गावरान बोलत नाही.' वाक्य चटपटीत होतं, बाकीच्यांनी उचललं. एका समीक्षकानं 'धोतर नेसलेला यंत्रमानव' असा मथळाच दिला. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी वर्गात 'न्हाई' म्हणालो होतो आणि अख्खा वर्ग हसला होता. तेव्हापासून मी हसणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसलो होतो, इतकंच.

पुढच्या शनिवारी गावाकडे निघालो तेव्हा अण्णांनी खिडकीतून हाक मारली. एक कंडक्टर तिथंच उभा होता. "अण्णा, तुमचा रोबो कुठल्या गावचा वो?"

"तुज्याच. तुज्यापरीस सुट्टं बरं देतोय."

तो हसत गेला. मग अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाचलं, सर. म्हंजे म्होरं आमी न्हाईच म्हना की."

"तसं नाही अण्णा, भाषेचा प्रश्न आहे."

"आवं, मग मानसांनी जाताना बोलनं हितंच टाकून जायचं व्हय?"

गाडी लागली होती, मी चढलो.

दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी सगळं बदललं. यंत्र आता विचारत होतं, 'आपण कधी परतणार आहात?' त्या आवृत्तीचं कौतुक झालं, पुरस्कार मिळाला. तिच्याबद्दल 'परिपक्व' हा शब्द पहिल्यांदा मीच वापरला. पुस्तक माझ्या हातात ठेवताना अण्णा म्हणाले, "घ्या. तुमच्या भविष्याला बसतंय का बगा."

त्यानंतर त्यांनी एकही कथा लिहिली नाही. मी कधी विषय काढलाच तर म्हणायचे, "लिवाय बसलो की माईकच चालू हुतोय, सर."

गेल्या वर्षी सांगलीच्या दवाखान्यात त्यांना भेटलो. आवाज पार बसला होता. "आई कशी हाय?" एवढंच त्यांनी विचारलं. आईला कथा दोनदा वाचून दाखवल्याचं सांगायला याहून सोपी जागा मिळाली नसती. मी म्हणालो, "बरी आहे." शुद्ध मराठीत. चार दिवसांनी अण्णा गेले.

आईला आता फारसं आठवत नाही, पण ती मशीन आठवते. अधूनमधून विचारते, गेलं का कुणी तिकडं.

भूपालअण्णांच्या पहिल्या पुस्तकाचं एक परीक्षण मी देणं लागतो. आईनं भाकरी थापताना जे विचारलं, तेवढंच त्यात लिहायचं आहे, तिच्याच बोलीत, खाली माझं नाव घालून. ते मी अजून लिहिलेलं नाही.